खुंटीवरची चंची

"दादाला पान लागलं, मास्तर..." महादूदादाचा धाकटा भाऊ शाळेच्या दारात उभा होता. लावणीच्या खाचरात साप चावून दादा तासाभरात गेला होता. साठीकडे झुकलेला, पण दंड माझ्या दोन्ही हातांच्या वेढ्यात न मावणारा हा माणूस! आज दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

कडावच्या शाळेवर आलो आणि हिवतापाने मला असा पिळून काढला, की विहिरीवरून घागर आणताना वाटेत बसावं लागे. वैद्यबुवांनी स्पष्टच सांगितलं, "अंगात ताकद आणा. पुढचा ताप निभावणार नाही." घरात दोन लहान लेकरं. भीतीने सूर्यनमस्कार सुरू केले, चार दिवसांत सोडले. असं कितीदा केलं, सांगायची लाज वाटते. शेवटी शेजारचा हा शेतकरी रोज पहाटे दारातून हाक मारून मला तालमीत नेऊ लागला. तो जोर काढू लागला, की मी माझे नमस्कार विसरून बघत राही. खळं जळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो तिथे होताच... हा माणूस घडवतानाच देवाने आळस घातलाच नाही, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या शिमग्यात विचारलं, "दादा, तुला कधी कंटाळा येत नाही?"

"रोज येतो, मास्तर. डोळा उघडला का पयला तोच येतो. म्हणून तर चंची घरी ठेवत नाय."

तालमीतल्या खुंटीवर त्याची तंबाखूची चंची लटकत होती. दिवेलागणीला तो ती इथे अडकवून जाई. सकाळी तलफ त्याला तालमीत ओढून आणी आणि जोर झाल्याशिवाय चंचीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. "तलफ आणते मला. मी कुठला येतोय!" तो हसला. मी थक्क झालो. रोज कंटाळणारा माणूस चाळीस वर्षं रोज आला होता! त्याच्या दंडांपेक्षा मला हे फार मोठं वाटलं.

तो गेला आणि दारातली हाक थांबली. मी पुन्हा अंथरुणात लोळू लागलो. मग एकदा शाळेच्या पायऱ्यांवरच धाप लागली, आणि घाबरलो. संध्याकाळी तालमीत गेलो. भावाने चंची आणून त्याच खुंटीवर अडकवली होती. तंबाखूचं मला वावडं. पण चाळिशीवाचून मला पाटीवरचं अक्षर लागत नाही. ती काढली, चंचीशेजारी अडकवली आणि घरी आलो.

तेव्हापासून आधी नमस्कार, मग चाळिशी. आज पहाटे उठायचं अगदी जिवावर आलं होतं. तरी गेलो. नमस्कार झाल्यावर खुंटीकडे हात नेला, तो आधी चंचीला लागला.

"आलो, दादा," मी म्हटलं. "कंटाळा घेऊनच आलो."