लिन डॉक्टरांचं आडनाव

दातांच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड डॉक्टरांच्या ताब्यात असतं, तरी किस्से साचायचे थांबत नाहीत. नांदेडला डॉक्टर लिन यांच्याकडे मी बारा वर्षं रिसेप्शनला बसते. त्यांचे आजोबा चीनहून आले. डॉक्टर मात्र इथलेच. पण आडनाव कळल्याशिवाय आमच्या लोकांना चैन पडत नाही!

*

चाकूरचे एक पाटील खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "लिन म्हंजे कुठले? आमचा पदर लागतो का बघा."

डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले, "लागला असता पाटील, पर मधी हिमालय आडवा आला!"

*

लातूरला एका लग्नात कुणीतरी डॉक्टरांना विचारलं, "तुमचं देवक काय?"

"दात काढायची पकड!"

*

सुमनमावशी आमच्याकडे साफसफाई करते. सातव्या महिन्यात नवऱ्याने घराबाहेर काढलं, तेव्हा ती रान तुडवत इस्लापूरला माहेरी गेली, मग कामासाठी नांदेडला आली. यंदा मुलीला पहिलीत घालायचं होतं. नवऱ्याचं आडनाव तिला लावायचं नव्हतं. भावाकडे मागितलं तर तो म्हणाला, "आमचं आडनाव तू लग्नातच सोडलंस." मला इतका संताप आला, की त्या दिवशी दोन पेशंटना मी एकच वेळ दिली.

*

मावशीने डॉक्टरांना विचारलं, "तुमचं आडनाव कुनी काढलं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि सांगू लागले. हजारो वर्षांपूर्वी एका जुलमी राजाने खरं बोलणाऱ्या प्रधानाला मारलं. त्याची गरोदर बायको रानात पळाली, तिथेच बाळंत झाली. पुढे राज्य बदललं. नव्या राजाने त्या पोराला आडनाव दिलं, लिन. म्हणजे झाडी, रान.

मावशी फडकं पिळायची थांबली. "हाल बाईनं काढले, अन् आडनाव राजानं दिलं?"

"हाव."

"बाईचं नाव काय व्हतं?"

"आमच्या घरात कुनी सांगितलं न्हाई," डॉक्टर म्हणाले. त्यांचा पडलेला चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

*

शाळेत मी मावशीबरोबर गेले. हेडमास्तरांनी पेन उघडलं. "मुलीचं नाव?"

"राधा."

"आडनाव?"

"सुमन."

"हे तर तुमचं नाव. असलं आडनाव मी आजवर ऐकलं नाही, बाई."

"कसं ऐकताल? आजच निघालंय," मावशी म्हणाली. "लिवा, सर."