कोलंबीची भावकी

लालबागच्या बाजारात मी कोलंबी विकते. एक चष्मेवाले काका दर रविवारी येत, कोलंबी उलटी करून पाय बघत आणि न घेताच जात. एकदा त्यांनी खिशातून दगड काढला. त्यात किडा उमटला होता.

“हा ट्रायलोबाइट, पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव. दगड स्पितीच्या डोंगरातला. याची भावकी ऑस्ट्रेलियात, तेव्हा जमीन जोडलेली होती. कोलंबी याची चुलत बहीण. किती लांबची, यावर विद्वान अजून भांडतात.”

“आता कुठे असतात?” शेजारच्या मासेवालीने विचारलं.

“सगळे मेले,” काका हळहळले. “म्हणून कोलंबी घ्यायला हात धजत नाही. आणि रिकामी पिशवी नेली की बायको बोलत नाही.”

मी गिऱ्हाइकाशी फारशी बोलत नाही, पण तोंडून निघून गेलं, “काका, सुतक कोलंबीला. तुम्हाला कुठे?”

काकांनी दगड खिशात ठेवला आणि दोन वाटे घेतले.