भातावरच्या कॅसेटी

मुंबईचा एक लेखक आमच्या शेणवे गावातल्या घरात दोन वर्षं भाड्याने राहिला. वयाने माझ्या धाकट्या दिराएवढा. तो विलायतेतल्या जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर पुस्तकं लिहायचा. आधी पेपरात लिहायचा, मग पुस्तकं. पुस्तकांवर सगळे लांब केसांचे पुरुष, एकाच्याही अंगात धड शर्ट नाही. रॉक म्हणतात त्या गाण्याला. तो ते टेपवर लावायचा तेव्हा आमची म्हैस दूध चोरायची, म्हणून धारेच्या वेळी मी बंद करायला लावलं. त्यातली निम्मी माणसं मेलेली, उरलेली भांडून वेगळी झालेली. एवढं आमच्या भावकीतही होतं, पण त्याचं कुणी पुस्तक लिहीत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला भात भरलं की चिमण्यांचे थवे उतरतात. त्या काळी सगळेच जुन्या कॅसेटी फोडून आतली फीत शेतावर काठ्यांना ताणून बांधायचे. वाऱ्यावर ती चमकते, गुणगुणते. पाखरू जवळ येत नाही. त्या वर्षी घरातल्या कॅसेटी पुरल्या नाहीत. लेखक मुंबईला निघाला होता, त्याला विचारलं. बूट घालता घालता तो म्हणाला, "खाटेखालचा खोका घ्या काकू, भंगार आहे."

खाटेखाली दोन खोके होते. मी चौथी शिकलेली, त्यांच्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. दोन्ही उचलले. शेजारच्या शेतावर बांधायला जावेलाही त्यातल्या कॅसेटी दिल्या.

चार दिवसांनी तो परतला, खाटेखाली वाकून बघितलं आणि धावत बांधावर आला. विलायतेला जाऊन तो एका म्हाताऱ्या गिटारवाल्याशी तासभर बोलला होता. पुढे तो गिटारवाला मेला. त्याचं शेवटचं बोलणं एका कॅसेटीत होतं, नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच होतं, आणि यानं ते अजून कागदावर उतरवलं नव्हतं.

"कुठे आहे तो?" त्यानं विचारलं.

"हितंच कुठंतरी. नाल्यापासून बांधापर्यंत." फितीवर काही नाव लिहिलेलं नसतं.

तो गाठ सोडायला लागला तशी जाऊ खुरपं घेऊन आली. "ए भाऊ, हात नको लावू! दाणा भरलाय. आज काढलीस तर उद्या पाखरं शेत साफ करतील."

"अहो, मेलेल्या माणसाचा आवाज आहे त्यात!"

"मेलाय ना? मग कापणीपर्यंत थांबंल. त्याला आता कसली घाई?"

दवानं फीत खराब होईल म्हणून तो रडकुंडीला आला. मला दया आली असं नाही, पण खोका मी उचलला होता. मी म्हटलं, "फीत काढायची तर तिच्या जागी राखायला माणूस पायजे. तू ऱ्हा उभा."

आठ दिवस उजाडल्यापासून अंधारेपर्यंत तो मचाणावर उभा राहिला. जावेनं त्याला गोफण शिकवली. पहिला दगड माझ्या सासऱ्यांच्या पाठीत बसला. मग त्याच्या हातात बडवायला तेलाचा रिकामा डबा दिला.

"तालात नको बडवू रे!" जाऊ खालून ओरडायची. "पाखरांना सवय झालीय. बसून ऐकतात."

दुपारी आम्ही बायका फीत काढून काड्यांवर गुंडाळायचो. संध्याकाळी तो चिकटपट्टीनं तुकडे जोडून टेपवर लावायचा. आधी लग्नातला बँड, मग सत्यनारायणाची कथा, मध्येच एक म्हातारा खोकला.

"हाच!" लेखक उडाला. "हाच खोकला!"

"काय म्हणतोय?" जावेनं विचारलं.

"चहा गार झाला म्हणतोय."

"त्याच्यासाठी आमची राखण मोडली व्हय रे?"

निम्मा गिटारवाला सापडला. उरलेल्यात नुसती खरखर. भात आमचं आणि जावेचं, दोघींचंही नीट घरात आलं.

पुढच्या वर्षी तो छापलेलं इंग्रजी पुस्तक मला द्यायला घेऊन आला. माझी सून बारावी झालेली, तिला मी शेवटचं प्रकरण वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं की मुलाखतीचा अर्धा भाग पुरात वाहून गेला.

"पूर? शेणव्यात?" मी विचारलं.

"काकू, भातावर बांधला होता असं लिहिलं तर लोक हसतील."

"हसूदे की. त्या उघड्याबोडक्या माणसांची लफडी लिहायला लाज नाय वाटली. स्वतः डबा बडवलास ते लिहायला वाटते?"

तो सुनेच्या हातातलं पुस्तक मिटायला लागला, मी पानात बोट घातलं.

"पूर आला असता तर भात ऱ्हायलं असतं का? जाऊ आठ दिवस तुझ्यामागं ओरडत होती ती कुठं गेली? काढ पेन. निदान माझ्या पुस्तकात खरं लिही."

त्यानं ती ओळ खोडली आणि वर मराठीत लिहिलं, 'भातावर बांधला होता. चूक दोन खोक्यांची.'

चूक माझी असं लिहिलं नव्हतं, म्हणून ते मी राहू दिलं. त्या सगळ्या पुस्तकात मला वाचता येते ती तेवढीच ओळ.