दारातली वीट

आमच्या गावात दाराला कडी कुणी लावत नाही. भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद खाली आलं तेव्हा कडी आतून लावलेली होती. बाहेरून लोक हाका मारत होते, दार ढकलत होते, पण ते काही हलेना. मी तेव्हा शाळेत जाणारी पोर. मला भिंत फोडून काढलं. धाकट्या भावापर्यंत कुणाचा हात पोचला नाही. पुढं नव्या गावठाणात घरं मिळाली आणि दार लागू नये म्हणून दारात वीट ठेवायची रीत पडली. पाहुणे हसतात. हसू देत मेल्यांना.

लातूरजवळच्या भाजीच्या कारखान्यात मी लागले ती पोरीच्या क्लासपायी. तिला डॉक्टर व्हायचंय. क्लासच्या पोरांच्या मेसला चिरलेली भाजी इथूनच जाते. आधी आम्ही बाया टोमॅटोवर डाग दिसला की अर्धा फेकायचो, मागं ढीग लागायचा. मग कॅमेरा आला. पट्ट्यावरून टोमॅटो जाताना तो बघतो आणि पुढचा यंत्राचा हात डागापुरतंच कापतो. पार सडका असला तरच उचलून टाकतो. खरं सांगते, बघत राहावं असं काम! मागचा ढीग गेला. बाया कमी झाल्या, मला मात्र यंत्रावर लक्ष ठेवायला घेतलं, पगार वाढवून.

पण ती यंत्राची खोली! खिडकी नाही. कॅमेऱ्याला बाहेरचा उजेड चालत नाही म्हणून दार गच्च बंद. पहिल्या दिवशी दार लागलं आणि माझ्या तोंडात माती आली, अगदी तेव्हाची चव. रेणुकाआईचं नाव घेत कशीबशी कामाची पाळी संपवली. रोज तेच.

शेवटी एका सकाळी मी वीट आणली आणि दारात सारली. बोटभर फट. काय जीव निवला म्हणून सांगू! पट्ट्याकडं पाठ करून नुसती वारा खात उभी राहिले. वळून बघते तर काय, यंत्राचा हात चांगले लालबुंद टोमॅटो भराभरा फेकत सुटलेला. फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेनं कॅमेऱ्याला सगळा माल पार सडका दिसत होता.

इंजिनीअर पळत आला. नांदेडचा पोरगा, भूकंपानंतर जन्मलेला.

"मावशी, दार कुणी उघडलं?"

"मी. दुसरं कोण हाय इथं?"

का उघडलं तेही सांगितलं. त्यानं आधी पट्टा बंद केला. मग म्हणाला, "दार उघडं ठेवता येत नाही ओ. तुम्हाला बाहेर भाजी धुवायला घेऊ का? पगार तेवढा कमी होईल."

भल्या मनानं बोलला, म्हणूनच मला जास्त राग आला. कमी पगारात पोरीचा क्लास सुटला असता. उद्या सांगते म्हटलं.

संध्याकाळी लातुरात पोरीच्या खोलीवर गेले. खोली कसली, फळ्या ठोकून केलेलं खुराडं. तिथंही खिडकी नाही, दिवसाढवळ्या ट्यूब. सवयीनं मी दारात चप्पल अडकवली.

"आई, दार लाव ना. बाहेर गलका लई आहे."

"गुदमरत न्हाई का गं तुला?"

"गुदमरतं की. पण दार उघडून बसले तर अभ्यास व्हायचा कसा?"

पुस्तकातून मानही वर केली नाही तिनं. मी चप्पल काढली, दार लावलं आणि तिच्या गादीवर बसून राहिले. हिला उचलून घरी न्यावं असं हजारदा वाटलं, पण ती एकेक पान उलटत राहिली.

सकाळी कारखान्यात गेले. वीट बाहेर भिंतीशी ठेवली, आत जाऊन पट्टा चालू केला. तेवढ्यात इंजिनीअरनं दार उघडून डोकं आत घातलं.

"मावशी, काय ठरलं मग?"

त्याच्या मागून ऊन थेट पट्ट्यावर आलं होतं.

"दार लावा, सर," मी म्हटलं. "माल वाया चाललाय."