शंभर वर्षांची भिंत

“हे सांगू नका,” मोरिता-सान मला जपानीत म्हणाले.

मी पार्कांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “मोरिता-सान म्हणताहेत, हे सांगू नका.”



आखातात, दम्मामच्या एका जपानी कंपनीत मी दुभाषी आहे. घर रत्नागिरीत, जपानी शिकले पुण्यात. या कामाचा नियम साधा आहे. खोलीत मोठ्याने बोललेलं सगळं पलीकडच्या भाषेत जातं. त्यात भर घालायची नाही, त्यातलं गाळायचं नाही. मागच्या प्रोजेक्टला पार्कांचा एक इंजिनिअर इंग्रजीत पुटपुटला होता, “हा पंप भंगार आहे.” मी घुटमळले, तेव्हा आमच्या जनरल मॅनेजरांनी, म्हणजे मोरितांनीच मला दटावलं होतं, “पुटपुटलेलंही सांगायचं.”

कंपनीला शंभर वर्षं झाली म्हणून ऑफिसच्या भिंतीवर इतिहासाच्या पाट्या लावल्या होत्या. पार्क कोरियन कॉन्ट्रॅक्टरचे प्रोजेक्ट मॅनेजर. मीटिंगला आले होते, चहा घेता घेता भिंत बघत होते. पहिल्या पाटीवर युद्धाआधीची कोळशाची खाण. शेजारी युद्धानंतरचा नवा कारखाना. मध्ये काहीच नाही.

“मधल्या वर्षांत खाणीत कोण काम करत होतं?” पार्कांनी विचारलं.

“बॉम्बिंगमध्ये रेकॉर्ड जळाले,” मोरिता म्हणाले.

“माझे आजोबा होते. कोरियातून धरून नेलं होतं त्यांना. परत आले ते खोकला घेऊन, आणि त्यातच गेले. या भिंतीवर त्या लोकांबद्दल एक ओळ लिहा. दुसरं काही मागत नाही.”

मी सांगितलं. मोरिता आमच्या तरुण इंजिनिअरकडे, ओनो-सानकडे वळून म्हणाले, “हे लोक अजून तेच उगाळत बसलेत.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि ते म्हणाले, “हे सांगू नका.”

मी उगाळण्याचं वाक्य सांगितलं. मग सांगू नका म्हटलेलंही सांगितलं.  इथे राहण्याचा परवाना, इकामा, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की सामान बांधायचं.

पार्कांनी कप खाली ठेवला. “थँक यू,” ते मला म्हणाले. मग मीटिंग झाली, व्हॉल्व्हच्या डिलिव्हरीवर.

दुसऱ्या दिवशी पँट्रीत ओनो माझ्याजवळ आला.

“शिरीन-सान, ते आजोबांचं खरं असेल?”

मला वाटलं, टोमणा मारतोय. चेहरा बघितला तर खरंच विचारत होता. चांगल्या युनिव्हर्सिटीतून शिकलेला माणूस.

“तुम्हाला शाळेत शिकवलं नाही?”

“युद्धाच्या धड्यापर्यंत आलो आणि वर्ष संपलं. सर म्हणाले, वेळ नाही, घरी वाचा.”

“वाचलंत?”

“परीक्षेला नव्हतं.”

 अख्ख्या युद्धाला वेळ नाही? मला जे काही सुनावायचं होतं ते जपानीत जुळवतच होते, तेवढ्यात तो म्हणाला, “तुमच्याकडे आमच्याबद्दल काय शिकवतात?”

“जपाननं आम्हाला स्वातंत्र्यासाठी मदत केली.”

“आणि अंदमान?”

“तिथे आमचा झेंडा लागला.”

ओनो म्हणाला, “मी काल रात्री वाचलं. आमच्या सैन्यानं तिथल्या तुमच्या लोकांना हेर ठरवून छळलं, मारलं. हे नाही शिकवत?”

हे मी कुठेच वाचलं नव्हतं. मी पत्रकांच्या घरात वाढले. अब्बा मच्छीमारांच्या युनियनचे. पत्रकं छापून बंदरावर वाटायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. साम्राज्यशाहीवर अब्बांचा शब्द म्हणजे शेवटचा. संध्याकाळी त्यांना फोन लावला.

“अब्बा, आपल्या पत्रकात अंदमानचा झेंडा होता. मारलेली माणसं का नव्हती?”



“जागा नव्हती गो,” ते म्हणाले.

ओनोच्या सरांना वेळ नव्हता, आम्हाला जागा नव्हती. मी पहिल्यांदाच अब्बांचा फोन मध्येच कापला.

काही दिवसांनी मोरितांनी मला बोलावलं. “शिरीन-सान, तुम्ही दमलेल्या दिसता. मीटिंगा राहू देत. मॅन्युअल्सचं भाषांतर करा.”

“किती दिवस?”

“पंप पुष्कळ आहेत.”

इकामा वाचला. भिंतीवरही बदल झाला. ओळ आली नाही, खाणीची पाटीच गेली. आता कंपनीचा इतिहास युद्धानंतरच्या कारखान्यापासून सुरू होतो. वर मोठ्या अक्षरांत ‘शंभर वर्षं’ तशीच आहेत.

पार्क पुढच्या मीटिंगला आले तेव्हा मी शेजारच्या टेबलावर मॅन्युअल घेऊन बसले होते. पाटी होती तिथे स्क्रूची भोकं उरली होती. पार्क त्या भोकांसमोर उभे राहिले.

“आधी मधली वर्षं नव्हती,” ते म्हणाले. “आता खाणसुद्धा नाही.”

दुभाष्याचं काम आता ओनो करत होता. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं. त्यानं मोरितांकडे बघितलं, मग भोकांकडे, आणि पार्कांचं वाक्य जसंच्या तसं जपानीत सांगितलं.

मोरिता काही बोलले नाहीत, त्यामुळे ओनोला पार्कांना इंग्रजीत सांगायला काही उरलं नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. आपण गाळू नये. ते काम आपण यायच्या आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.