ब्रॅमली डॉक्टरांचा नियम

आमच्या शेफील्डात छातीचा डॉक्टर म्हणजे एडगर ब्रॅमली. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा देशात कुठेही गेला, तरी खाटेशी खुर्ची ओढून बसायचा, आधी रोग्याचा हात हातात घ्यायचा आणि मग छाती तपासायचा. उभ्याउभ्या बोलणाऱ्याला ब्रॅमली म्हणत, "घाईत दिसता. मग ट्राम का नाही चालवत?" त्यांच्या वॉर्डाची सिस्टर मी. माझंही काही चुकलं की असंच ऐकवायचे.

त्यांचा दुसरा धडाही तेवढाच पसरला. रोग बरा होणारा नसेल तर रोग्याला सांगायचं नाही. घरच्यांना बाहेर गाठून सांगायचं, वर ताकीद द्यायची: चेहऱ्यावर दिसू देऊ नका, त्याने विषय काढलाच तर बदला. ब्रॅमलींचे वडील सुऱ्यांना धार लावायचे. दगडाची धूळ छातीत बसली. कुणा डॉक्टराने तोंडावर सांगितलं, सहा महिने. वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, अन्न सोडलं आणि महिन्याच्या आत संपले. आठ वर्षांच्या एडगरने ते पाहिलं होतं. त्यातून हा नियम निघाला. मला तो कधी पटायचा, कधी संताप यायचा.

मग खोकला त्यांनाच लागला.

ते आमच्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खोलीत आले. त्यांचा लाडका शिष्य होल्रॉइड याने छातीची एक्स-रे फिल्म पाहिली आणि डॉक्टरांच्या बायकोला, हेस्टरबाईंना, बाहेर गाठून सगळं सांगितलं. ताकीदही शब्दन् शब्द तीच. बाई माझ्याकडे आल्या.

"सिस्टर, नाक लाल दिसतंय का हो माझं?"

"थोडंसं. बाहेर गारठा आहे म्हणा."

त्यांनी पावडर लावली आणि हसत आत गेल्या.

रोगी स्वतःच डॉक्टर असला तर त्याला दुसऱ्याची चांगली फिल्म दाखवायची, ही युक्तीही ब्रॅमलींचीच. होल्रॉइडने तेच केलं. "जुना डाग आहे, सर. बाकी स्वच्छ." ब्रॅमलींनी फिल्म खिडकीकडे धरली, आभार मानले. तो गेल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, हा कोण पहिलवान? सायकलवरून पडून माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. याच्या तर सगळ्या शाबूत आहेत."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

"रडू नका. पोरगा नीट शिकलाय, मास्तराला आणखी काय हवं?" थोडा वेळ ते खोकत राहिले. "हेस्टरला सांगितलंय, तिच्याकडे बघूनच कळतं. बिचारीला वाटतं, तिला जमतंय."

"मग बोला ना त्यांच्याशी!"

"बोलेन. मी बोललो तरच तिची सुटका. तुम्ही मात्र मध्ये पडू नका."

रविवारी बाई कस्टर्ड घेऊन आल्या. मी उशी सारखी करत होते. ब्रॅमलींनी बाईंचा हात धरला, रोग्याचा धरावा तसा नाही, घट्ट. "हेस्टर, ऐक. मला तुला काही सांगायचंय."

बाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ओठ हसले. "आधी माझं ऐक! व्हिटबीला मिसेस पिक्सलींनी खोली धरून ठेवलीय. समुद्राकडची. सकाळी धुरावलेले मासे करते म्हणाल्या, तुझ्या आवडीचे."

"हेस्टर..."

"नवे बूट मात्र घ्यायला हवेत तुला. जुने ओल धरतात."

त्यांनी हात सोडला. "काळे घे," म्हणाले.

मला त्या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिची काय चूक? तिने नियम पाळला होता. सोमवारी, त्यांनी नको म्हटलं तरी, त्यांना सगळं ठाऊक आहे हे मी तिला सांगणारच होते. सोमवारी पहाटे त्यांच्या तोंडातून भळाभळा रक्त आलं आणि ते गेले. बाई पोचल्या तेव्हा मी चादर बदलून ठेवली होती.

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, त्याला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले. आता खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

"म्हणजे काल तो निरोप घेत होता. आणि मी बुटांचं बोलत बसले." बाईंनी ब्रॅमलींचा गार हात उचलून गालाला लावला. "काय सांगायचं होतं रे तुला? सांग ना आता. नाही बदलत मी विषय."