चोथ्याबरोबर येणारे पाहुणे

ऑफिसात आपल्याला 'गाळणी काकू' म्हणतात हे काकूंना ठाऊक होतं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही. दिवस उजाडल्यापासून हातात गाळणीच, तर लोकांनी दुसरं काय म्हणावं? सगळ्यांना तब्येतीचं वेड लागलं आणि दुधाचा चहा जाऊन ग्रीन टी आला. तोही प्रत्येकाचा वेगळा. साहेबांना कडूजहर हवा, एकाच पत्तीवर तीनदा उकळतं पाणी. फोनवालीला पाण्याला नुसता रंग आला की पुरे. आणि हिशेबनीस? ते मागवायचे, विसरायचे, पुन्हा मागवायचे.

पत्ती गाळणीत उरायची. सुरुवातीला काकू ती फेकून द्यायच्या. एकदा फोनवालीची पत्ती चिमटीत धरून पाहिली, तर जेमतेम उमललेली, हिरवीगार.

"अगं, तू तर अजून अर्धी कोरीच आहेस," काकू तिला म्हणाल्या आणि चावून बघितली. पालकाची चुलत बहीणच! तेव्हापासून चोथा घट्ट पिळून डब्यात आणि डबा घरी. उद्यासाठी म्हणून ठेवायचा नाही, आंबतो. त्याच संध्याकाळी संपवायचा.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली, एक शेगडी, एक कॉट आणि एक खुर्ची. नवरा गेल्यावर दुसरी खुर्ची काकूंनीच देऊन टाकली होती. ती समोर रिकामी दिसली की घास तोंडात नुसता फिरत राहायचा.

साहेबांचा चोथा बारीक चिरून लसणीवर परतायचा, लसूण सढळ हाताने, नाहीतर कडवटपणा हटता हटत नाही, आणि मग भातात ढकलायचा. फोनवालीचा अंड्यात फेटून आम्लेट. हिशेबनिसांचा तेलात कुरकुरीत करून वरून मीठ. आणि ज्याचा चोथा, त्याचा आवाज. हे कसं सुरू झालं ते काकूंनाही सांगता आलं नसतं. पण आवाज उचलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"साहेब, मीठ बघा बरं."

मग हनुवटी गळ्यात खुपसून, थेट पोटातून, "ह्म्म. म्हणजे बघा, मीठ हा विषय तसा... आपण नंतर घेऊ."

लगेच नाकातून, साखर पेरत, "नमस्कार, बोला! साहेब सध्या भातात आहेत, कृपया थांबा."

मग हिशेबनीस धापा टाकत, "काकू, माझा चहा आला नाही."

"आला होता. तुम्ही गार केलात."

"हो का? मग आणखी एक."

काकू स्वतःच हसायच्या, अगदी ठसका लागेपर्यंत. ठसका थांबला की नळ ठिबकताना ऐकू यायचा.

शेजारच्या खोलीत शिवणवाल्या ताई राहायला आल्या होत्या. त्याही एकट्याच. भिंतीतून दिवसभर मशीनची खडखड यायची. ही बाई एकदा तरी डोकावेल, असं काकूंना वाटे. आम्लेट मुद्दाम जरा मोठं होई. ताई काही डोकावल्या नाहीत. 'असेल शिष्ट,' असं काकूंनी ठरवूनही टाकलं.

मग एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. ताईंच्या कवेत कापडाचा गठ्ठा.

"काकू, मजा आहे बाई तुमची! रोज भरलेलं घर."

"माझं?"

"नाहीतर काय माझं? ते भारदस्त साहेब, ती गोड आवाजाची मुलगी... परवा वास इतका छान सुटला होता, की दार वाजवायला हात वर केला होता मी. तेवढ्यात साहेब बोलायला लागले. म्हटलं, मोठ्या माणसांत आपण कुठे तोंड घालायचं? फिरले मागे."

खरं सांगावं, तर ही वेडीच म्हणेल. न सांगावं, तर दार कधी वाजायचं नाही. "हो, येतात आपले," एवढं पुटपुटून काकू वर गेल्या आणि दार लावून घेऊन स्वतःवरच चिडल्या.

त्या संध्याकाळी भात परतला, आम्लेट झालं, पण आवाज काढला नाही. हिशेबनीस अगदी जिभेवर आले होते, त्यांना पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. पलीकडे मशीन थांबली. काकू चमचा धरून कान टवकारून बसल्या. दार काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. गप्प जेवायची सवयच मोडली होती. भात नुसता भात लागायचा, चोथा नुसता चोथा. त्यानंतरच्या संध्याकाळी तर शेगडी पेटवायचंही मनातून गेलं. डबा कचऱ्यात रिकामा करायला उचलला, आणि दार वाजलं.

"काकू, बरं आहे ना? दोन दिवस कसला म्हणून आवाज नाही." ताई उंबऱ्यातच उभ्या. "पाहुणे गेले का?"

काकूंनी डबा पाठीमागे लपवला. शब्द जुळवत बसलं, तर ही निघून जाईल. त्यांनी हनुवटी गळ्यात खुपसली.

"ह्म्म. म्हणजे बघा, पाहुणे हा विषय तसा... आपण आत बसून घेऊ."

ताईंनी खोलीवरून नजर फिरवली. शेगडी, कॉट, खुर्ची एकच. मग काकूंकडे पाहिलं. हसतील असं काकूंना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे ती मुलगीसुद्धा?"

"नमस्कार, बोला," काकू नाकातून म्हणाल्या, पण आवाज मध्येच चिरकला.

ताई खुर्चीवर टेकल्या. "मी भिंतीला पाठ लावून जेवायचे, काकू. साहेब सुरू झाले की ताट पुढ्यात घ्यायचे. दोन दिवस घास उतरला नाही मला."

काकूंनी शेगडी पेटवली. कढई चढवली आणि डबा उघडला.

"कशाचं हे?"

"चोथा. ऑफिसातल्या चहाचा. लोक फेकून देतात."

"कोणाचा?"

"हिशेबनिसांचा."

"अगंबाई, ते विसराळू!" ताई म्हणाल्या, सख्ख्या दिराबद्दल बोलावं तशा.

खुर्चीवर ताई होत्या, म्हणून काकू ओट्याला टेकून उभ्यानेच जेवल्या. कुरकुरीत चोथा दातांखाली वाजत होता. मग ताईंनी ताटातून मान वर न करता विचारलं, "आज येतील का ते?"